बेबीनंदा नावाची बाई इथं राहत न्हाई

माणसानं पन्नाशी उलटल्यावर दोन गोष्टी करू नयेत असं माझं अनुभवानं झालेलं मत आहे. एक, नवी कवळी बसवून लगेच ऊस सोलू नये. दोन, बायकोला "तुला काय पाहिजे ते माग" असं मोकळ्या मनानं म्हणू नये. पहिली चूक माझ्या हातून अजून झालेली नाही. दुसरी झाली ती २००२ सालच्या दिवाळीत.

पोरगी लग्न होऊन पुण्याला गेली होती, घरात आम्ही दोघंच. बायको फराळाचे डबे पुसत होती. मला वाटलं, फार तर कूलर मागेल. ती डब्याचं झाकण लावत म्हणाली, "पाठीवर पिशव्या अडकवून परदेशात हिंडायचं हाय. दोघांनी."

मी चिवडा खाता खाता थांबलो. "कोणत्या देशात?"

"जिथं समुद्र हाय, रान हाय, आन् आपल्याला झेपंल असा कोणता बी."

"बरं, मंग पाठीवर कशाला? पोरीच्या लग्नात आलेली सूटकेस हाय की माळ्यावर."

"न्हाई. पाठीवरच."

कारण विचारलं तर ती सांगेना. मी मच्छिंद्र गाडेकर, बदनापूरच्या तहसिलीतला अव्वल कारकून. जालन्याहून रोज रेल्वेनं जाऊन येऊन मी तीस वर्षं लोकांच्या अर्जांतल्या त्रुटी काढल्या आहेत. त्रुटी कुठं आहे ते मला अर्ज हातात न घेता नुसत्या वासावरून कळतं. या अर्जात तर मला अठरा-वीस त्रुटी दिसत होत्या. पण अर्जदार समोर डबे आपटत बसली होती, आणि शब्द मीच दिला होता.

नकाशात बघून, पोरीला फोन करून, लंका ठरली. जवळ आहे, खर्च बेतात आहे आणि तिथली लढाई सध्या थांबली आहे, एवढं तिनं सांगितलं. ही बातमी मी शेजारच्या सर्जेरावांना दिली. सर्जेराव एस.टी.तले निवृत्त कंडक्टर. तीस वर्षं जालना ते भोकरदन केल्यामुळे प्रवास हा आपला विषय आहे अशी त्यांची समजूत होती आणि गल्लीनं ती मान्य केली होती.

"लंका?" ते म्हणाले. "साहेब, आपल्याकडून आजवर एकच जण गेल्ता तिकडं. तो बी शेपूट पेटवून आल्ता."

"मला शेपूट न्हाई."

"म्हणून तर म्हणून राह्यलो. त्याच्यापाशी निदान उडी मारायची सोय होती." मग त्यांनी मला तासभर सल्ला दिला. त्याचं सार असं की सुटे पैसे ठेवावेत, खिडकीबाहेर हात काढू नये, आणि मागच्या चाकावरची सीट घेऊ नये. विमानाला मागचं चाक कुठं असतं हे मी विचारलं नाही.

पाठीवरच्या पिशव्या जालन्यात मिळेनात. शाळेच्या मुलांची दप्तरं मिळत, त्यांवर वाघाचं चित्र. शेवटी जुन्या जालन्यात भुजंग शिंप्याकडं गेलो. भुजंग हा ट्रकवर टाकायच्या ताडपत्र्या शिवतो. त्यानं माझ्या पाठीचं माप घेतलं, बायकोच्या पाठीचं अंदाजानं घेतलं, आणि म्हणाला, "जल्दी न्हाई करायची. पण अशी शिवून देतो की तुम्ही फाटाल, पिशवी न्हाई फाटणार."

पंधरा दिवसांनी पिशव्या आल्या. त्या रिकाम्याच चार-चार किलोच्या होत्या. हिरवी जाड ताडपत्री, पितळी कड्या, खांद्याला सुती पट्टा आणि बांधायला काथ्याचा दोर. माझ्या पिशवीचं कापड एका जुन्या ट्रकच्या ताडपत्रीतून उरलेलं होतं, त्यामुळे पाठीवर ठसठशीत पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'माल मालकाच्या जोखमीवर'. मी तक्रार केली. भुजंग म्हणाला, "साहेब, खोटं काय हाय त्यात?"

इथवर सगळं हौसेचं होतं. खरी कसोटी पासपोर्टाची.

माझ्या कागदांत काही अडचण नव्हती; मी कारकून आहे. बायकोचा शाळा सोडल्याचा दाखला मात्र मी पहिल्यांदाच बघत होतो. ती धावड्याची, तिकडं भोकरदन तालुक्यात. धावड्याच्या शाळेच्या त्या दाखल्यावर नाव होतं बेबीनंदा. सत्यशीला हे नाव लग्नात ठेवलेलं. १९७५ साली ताटात तांदूळ पसरून अंगठीनं ते मीच लिहिलं होतं. नाव माझ्या थोरल्या मामांनी निवडलं होतं, कारण त्यांना ते भारदस्त वाटत होतं. तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही, तशी पद्धतच नव्हती. आणि खरं सांगायचं तर अठ्ठावीस वर्षांत मी दोन्हीपैकी एकही नाव वापरलं नव्हतं. माझं 'अगं'वर भागत होतं.

जन्मतारखेचा पुरावा तोच एक, म्हणून अर्ज बेबीनंदा मच्छिंद्र गाडेकर या नावानं गेला. महिन्याभरानं चौकशीला पोलिसांकडून एक जमादार आले. आम्ही दोघंही नेमके घरात नव्हतो. जमादारांनी रीतसर शेजारी चौकशी केली, आणि शेजारी सर्जेराव होते.

सर्जेराव खोटं बोलत नाहीत. त्यांनी छातीवर हात ठेवून जबाब दिला, "बेबीनंदा नावाची बाई इथं राहत न्हाई. साहेबांच्या घरात एकच बाई हाय, सत्यशीलाबाई. दुसरी असंल तर मला ठावं न्हाई. मी शेजारी हाय, सीआयडी न्हाई."

या जबाबातलं शेवटचं वाक्य गल्लीनं उचललं. संध्याकाळी मी स्टेशनवरून घरी येईस्तोवर बातमी पक्की झाली होती की गाडेकरांची दुसरी बायको आहे, तिचं नाव बेबीनंदा आहे, तिला बदनापूरला ठेवलेली आहे, म्हणून तर माणूस तीस वर्षं न चुकता रोज रेल्वेनं जातो, आणि आता तिला घेऊन लंकेला पळून चालला आहे.

माझ्या अब्रूचं काय झालं ते सांगायला मला संकोच वाटतो, कारण ती थोडी वाढली. किराणावाला मला 'या, बसा' म्हणायला लागला. न्हाव्यानं माझा नंबर पुढं घेतला आणि कानाशी वाकून विचारलं, "साहेब, केस काळे करून देऊ का?" ज्या गल्लीत तीस वर्षं सरळ वागून मला कुणी ओळखलं नव्हतं तिथं माझ्याकडं माणसं वळून बघत होती. पण मी सरकारी नोकर. परदेशी जायच्या परवानगीसाठी वरिष्ठांपुढं उभा राहिलो. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "पत्नीसमवेत, असं लिहिलंय. कोणत्या?"

घरी आलो तो तावातावानं. स्वयंपाकघरात सर्जेरावांच्या झुंबरबाई बसल्या होत्या, डोळ्याला पदर, हातात चटणीची वाटी. मी दाराआड थांबलो.

"कसं सोसती गं बाई तू," झुंबरबाई म्हणत होत्या. "तुझ्यासारखी गुणाची बायको असून."

"काय करता, झुंबरबाई," माझी बायको शांतपणे भाकरी थापत म्हणाली. "तिला हिंडायची लई हौस हाय. लहानपणापासून. मी म्हणलं, जाऊ द्या, येऊ द्या एकदाचं फिरून."

"आन् तू?"

"मी बी चालले की संगट."

"म्हणजे दोघी?" झुंबरबाईंच्या हातातली वाटी कलली.

"दोघी."

झुंबरबाई गेल्यावर मी आत जाऊन जे बोलायचं ते बोललो. ती तव्यावरची भाकरी उलटीत इतकी हसत होती की भाकरी करपली. तिला इतकं हसताना बघून किती वर्षं झाली होती याचा मी हिशोब करायला गेलो, तर वर्ष काही सापडेना. मग मलाही हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही.

पुढं प्रतिज्ञापत्र झालं: 'बेबीनंदा व सत्यशीला या दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे.' हे वाक्य मी शेकडो बायकांकडून लिहून घेतलं आहे. 'त्याशिवाय काम होणार न्हाई, बाई,' असं सांगून किती जणींना उन्हात परत पाठवलं असेल, देव जाणे. जमादार पुन्हा आले. त्यांनी माझ्या बायकोला समोर बोलावून विचारलं, "तुम्हीच बेबीनंदा?"

"व्हय," ती म्हणाली. "होते." आणि मग, "हाय."

पासपोर्ट आले. फेब्रुवारी २००३ मध्ये आम्ही पंधरा दिवसांच्या रजेवर निघालो. सर्जेराव सपत्नीक स्टेशनवर आले होते. झुंबरबाई प्लॅटफॉर्मभर नजर फिरवून दुसरी कुठं दिसते का ते बघत होत्या.

काचीगुडा, मद्रास आणि मग विमान, यावर मी काही लिहीत नाही, कारण त्या सबंध काळात मी डोळे मिटून होतो. कोलंबोच्या विमानतळावर एका अधिकाऱ्यानं बायकोची पिशवी उघडायला लावली. आतून निघालं ते येसर. आमच्याकडं आमटीत घालतात तो काळा मसाला, दोन किलो. ही पूड काय आहे, त्यानं विचारलं. ती म्हणाली, "हुंगून बघा." त्यानं हुंगलं. सात शिंका त्यानं सरकारी इतमामानं दिल्या. आठव्या शिंकेला आम्हाला जा म्हणून हात केला.

आणि मग ही बाई सुटलीच. एरवी जालन्यात भाजीवाल्याशी घासाघीस करायला मला पुढं करणारी माझी बायको, तिथं भर रस्त्यात शहाळेवाल्याशी मराठीत भांडली आणि जिंकली. बसमध्ये शेजारच्या बाईच्या मांडीवरचं लेकरू हिच्या मांडीवर आलं, ते उतरेपर्यंत परत गेलं नाही. लोकांच्या घरात खोल्या भाड्यानं मिळत; ही संध्याकाळी त्या घरच्या चुलीपाशी. एकीनं नारळाच्या दुधात येसर घालून पाहिलं. दोघींना एकमेकींची भाषा यायची नाही, पण हसण्याचा आवाज मला बाहेर व्हरांड्यात ऐकू यायचा. पासपोर्ट बघून सगळे तिला बेबीनंदा म्हणत. 'मिसेस बेबीनंदा, टी?' ती पटकन वळायची. सत्यशीला म्हटल्यावर ती इतक्या पटकन वळल्याचं मला आठवत नव्हतं.

मी मात्र खचत चाललो होतो. भुजंगाचे पट्टे खांद्यात रुतत. रानातल्या पायवाटेवर माझ्या पोटऱ्यांना पाच जळवा लागल्या. तिनं पिशवीतून मीठ काढून एकेक सोडवली आणि वर म्हणाली, "पाचच? मला वाटलं जास्ती असत्यान." कँडीला पोचलो तेव्हा पाऊस. स्वस्तातली खोली शोधत आम्ही दोन तास चढ-उतार करत होतो. माझ्या पिशवीत पाणी जाईना हे खरं, पण तिच्यावरचं पाणी माझ्या मानेत येत होतं. शेवटी एका जिन्याच्या पायरीवर मी पिशवी आपटली.

"कुणी सांगितली ही थेरं या वयात?" मी म्हणालो. "लोकं देवाधर्माला जात्यात. आन् आपण हमालासारखं वझं घेऊन हिंडून राह्यलो. बेबीनंदा काय आन् सत्यशीला काय, अक्कल दोघींना बी न्हाई."

ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. त्या संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी नाही. मुकाट्यानं पिशव्या भरल्या आणि आम्ही डोंगरात जाणाऱ्या रेल्वेत बसलो. ती खिडकीशी. बाहेर चहाचे मळे, धुकं, पत्र्याच्या छपरांच्या ओळी. पोरीला दाखवण्यासारखं सगळं होतं आणि आमच्या डब्यात एक अक्षर उच्चारलं जात नव्हतं. तीन तास.

एका लहान स्टेशनवर गाडी थांबली. समोरून दुसरी यायची होती. स्टेशनचं नाव एवढं लांब होतं की मला ते पुरं वाचता आलं नाही. प्लॅटफॉर्मवर एकजण टोपलीत वडे विकत होता. चूक कबूल करण्याची आमच्याकडं एकच रीत आहे; खायला काहीतरी आणून ठेवायचं. मी उतरलो. दोन वडे कागदात बांधून घेतले आणि बघतो तर प्रत्येक वड्यावर काहीतरी केशरी, वाकडं, मिशा असलेलं. झिंगा! आणि त्या दिवशी एकादशी; उपास नसला तरी मांसमच्छी चालत नाही. मी वडेवाल्याला म्हणालो, याला सोडून दुसरा दे. तो म्हणाला, यालाच तर लोक घेतात. मी म्हणालो, एकादशी. तो म्हणाला, ट्वेंटी रुपीज. एवढ्यात समोरची गाडी आली, शिट्टी झाली, आणि आमची गाडी सुटली.

मी धावलो. पण पायात स्लीपर, त्यातली एक मागं राहिली. शेवटचा डबा वळणाआड गेला. त्यात माझी बायको होती, दोन्ही पिशव्या होत्या, दोन्ही पासपोर्ट होते, आणि तिच्या मनात माझं शेवटचं वाक्य होतं.

स्टेशनमास्तर पेरेरा म्हणून होते. गोल चेहऱ्याचे, पांढऱ्या कपड्यांतले. माझी इंग्रजी सगळी सरकारी पत्रांतली. मी म्हणालो, "सर, आय बेग टू स्टेट दॅट माय वाइफ हॅज प्रोसीडेड." त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि वही पुढं ओढली.

बाईंनी काय नेसलंय?

साडी, मी म्हणालो. रंग? मी तोंड उघडलं आणि मला आठवेना. हिरवी? ती काल होती. सकाळपासून तीन तास मी तिच्यासमोर बसलो होतो. बदनापूर तालुक्यातल्या जमिनीच्या दोनशे गटांचे नंबर मला तोंडपाठ आहेत. पेरेरा हळूच म्हणाले, उंची? मी हवेत हात धरला, तो माझाच मला पटेना, खाली घेतला. ओळखीची काही खूण?

"हनुवटीखाली उजव्या बाजूला तीळ," मी झटकन म्हणालो. तेवढं मला माहीत होतं, कारण पासपोर्टाच्या फॉर्मात मी ते भरलं होतं. खरं म्हणजे तेव्हाही तिनंच सांगितलं होतं. डोळ्यांत पाणी आलं ते मी रुमालानं पुसलं. रुमालाला झिंग्याचा वास येत होता.

सुदैवानं पासपोर्टांच्या साक्षांकित झेरॉक्स माझ्या खिशात होत्या. पेरेरांनी नाव वाचलं. मग भिंतीवरच्या टेलिफोनचा दांडा फिरवून पुढच्या स्टेशनाशी बोलले. गाडी तिथं पोचतच होती. पण तिकडच्या मास्तरांनी लाऊडस्पीकरवर सांगितलं तरी बाईंना सिंहली कसं कळणार? पेरेरांनी विचार केला, रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, तुम्हीच हाक मारा. ते तिकडं रिसीव्हर माइकला लावून धरतील.

मी रिसीव्हर तोंडाशी धरला. तिकडं गाडीचा आवाज येत होता, माणसांचा गलका.

"अगं," मी म्हणालो.

काही नाही. पेरेरांनी मान हलवली. नाव, ते म्हणाले. नाव घ्या.

अठ्ठावीस वर्षांत जे केलं नाही ते परक्या देशातल्या एका स्टेशनमास्तरासमोर, पॉइंट्समन आणि वडेवाला दारात उभे असताना करायचं होतं. माझे कान तापले. आणि मग गाडी सुटेल या भीतीनं मी डोळे मिटून ओरडलो, "बेबीनंदा! ए बेबीनंदा! खाली उतर! बेबीनंदा!"

नंतर बराच वेळ खरखर. मग कुणीतरी धापा टाकत म्हणालं, "कोण बोलून राह्यलं?"

"मी."

"मी कोण?"

"मच्छिंद्र," मी म्हणालो. हेही मी तिला पहिल्यांदाच सांगत होतो.

ती म्हणाली, "सगळं ठेसन माझ्याकडं बघून राह्यलंय."

"उतरलीस का?"

"उतरले. पिशव्या बी उतरवल्या. तुम्ही कुठं उलथलात?"

माझ्या जिवात जीव आला. पुढची गाडी दोन तासांनी होती. पेरेरा म्हणाले, रुळांच्या कडेनं सहा किलोमीटर. इथं सगळे तसेच जातात, तोवर दुसरी गाडी नाही. त्यांनी मला स्वतःच्या जुन्या चपला दिल्या. मी तिला फोनवर सांगितलं, तिथंच बस, हलू नको, मी आलो.

मी निघालो. एका बाजूला चहाचा उतार, दुसऱ्या बाजूला दरी, हातात वड्यांचा पुडा. तासाभरानं समोर बोगदा आला. आत मिट्ट काळोख, पलीकडं रुपयाएवढा उजेड. मी तोंडाशी थांबलो. बोगद्यात शिरावं की गाडी येईपर्यंत थांबावं याचा मी नियमाप्रमाणे विचार करत असताना त्या उजेडात काहीतरी हललं. माझ्या दिशेनं येत होतं. पाठीला कुबड, आणि डोकं हे एवढं, रांजणाएवढं. या देशात हत्ती मोकळे फिरतात हे मला ऐकून ठाऊक होतं. मी दोन पावलं मागं सरलो, आणि लाज वाटते सांगायला, वड्यांचा पुडा ढालीसारखा पुढं धरला.

हत्तीला खोकला आला. तो खोकला माझ्या ओळखीचा होता.

एक ताडपत्रीची पिशवी पाठीवर, दुसरी डोक्यावर, खाली पदराची चुंबळ, आणि पायात नवे कॅनव्हासचे बूट. साडी जांभळी होती. काठ पिवळे. मी नीट बघून घेतली.

"तिथंच बस म्हणलं होतं ना?" मी म्हणालो.

"तुम्ही वाट चुकला असता." तिनं डोक्यावरची पिशवी उतरवली. "शेतात ह्याच्या दुप्पट वझं वाह्यलंय मी. हातात काय हाय?"

"वडे. तुझ्यासाठी उतरलो होतो."

तिनं कागद उघडून बघितला. मिशा बघितल्या. "आज एकादशी."

"म्हणून तर गाडी सुटली."

ती तिथंच, बोगद्याच्या तोंडाशी दगडावर बसली आणि पोट धरून हसली. मी शेजारी बसलो. बराच वेळ मी शब्द जुळवत होतो. माफीचा मसुदा मला कधी करावा लागला नव्हता. लोक माझ्याकडं करून आणत. शेवटी म्हणालो, "काल पायरीवर मी जे बोललो, ते रद्द समजावं."

"बराबर. समजलं," ती म्हणाली. मग समोरच्या उताराकडं बघत आपणहून सांगायला लागली. "मी आठ वर्षांची असंल. धावड्याच्या रस्त्यानं गोरे लोक अजिंठ्याला पायी जायचे कधी कधी. एक जोडपं आमच्या विहिरीवर पाणी प्यायला थांबलं. पाठीवर बोचकी. ती बाई माझ्या आईपेक्षा म्हातारी होती. पाणी पिऊन निघाले, तर ती पुढं आन् नवरा मागं. आन् नवरा तिला मागून नाव घेऊन हाका मारत होता, काहीतरी दाखवायला. ती काही थांबत न्हवती. मी लांबवर त्यांच्या मागं पळत गेल्ते, नुसतं ते ऐकायला."

"मंग हे आधी का न्हाई सांगितलं?"

"सांगून घेतलेली हाक कोण ऐकतं?" ती उठली, आणि पदर झटकला.

दोन्ही पिशव्या मी घ्यायच्या म्हणालो. तिनं एकच दिली. बोगद्यातून ती पुढं होती. काळोखात मला फक्त बुटांचा आवाज येत होता. मध्येच तो थांबला.

"हाय का मागं?"

"हाय, बेबीनंदा."

बूट पुन्हा चालू लागले.

तिच्या स्टेशनवर पोचलो तर सगळे वाट बघत होते. मास्तर, हमाल, चहावाली म्हातारी. साऱ्यांनी माझी हाक ऐकली होती. म्हातारीनं बायकोला बाकावर बसवलं आणि कपभर चहा दिला. मला अर्धा दिला, बहुतेक अजून चौकशी बाकी असावी. बायकोनं बूट काढले तेव्हा टाचांना फोड आले होते, लिंबाएवढे. बोलली नव्हती वाटेत. मी मास्तरांकडून कोमट पाणी मागून आणलं, बाकावर बसलो आणि तिचा पाय उचलून मांडीवर घेतला.

"अहो, लोकं बघत्यात."

"बघू दे."

गाडी आली ती अगदी वेळेवर. तिकिटं आमच्या खिशात होती. माणसं चढली, उतरली. गार्डनं झेंडी उचलली आणि आमच्याकडं बघून भुवया उंचावल्या. मी तिच्याकडं बघितलं. ती चहा पीत होती.

मी गार्डला मान हलवून नाही म्हणालो. गाडी निघून गेली, आणि मी ओला रुमाल पिळून तिचा दुसरा पाय मांडीवर घेतला.